तीन दिवस गैरहजर : नागपूर जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, नागपूर जिल्हा,
तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती, नागपूर.

विषय : आठवीनंतरच्या मुलांच्या मागे एक टिकाऊ माणूस असावा, याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

शहरात एखाद्या अल्पवयीन मुलाच्या हातून चाकूहल्ला झाला की आठवडाभर ठरलेली वाक्ये कानावर येतात. पोलीस म्हणतात, कठोर कारवाई करू. शेजारीपाजारी म्हणतात, आईबापांचे संस्कार कमी पडले. आणि पानठेल्यावर खर्रा घोटून घेणारा माणूस म्हणतो, पोट्ट्याने स्वतःच ही वाट धरली, त्याला कोण काय करणार. मी 31 वर्षे मनपा शाळांत शिकवले, त्यातली बरीच वर्षे सातवी-आठवीचा वर्गशिक्षक म्हणून, आणि पहिले वाक्य सोडले तर उरलेली दोन्ही मीही शिक्षक-खोलीत बसून अनेकदा उच्चारली आहेत. ती आता माझ्या तोंडून निघत नाहीत. त्याचे कारण दोन सख्खे भाऊ आहेत, आणि त्यांची हकिकत आपल्यापुढे ठेवण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

दोघेही आमच्याच शाळेत तीन वर्षांच्या अंतराने शिकले. दोघेही आज याच शहरात राहतात, म्हणून नावे आणि वस्ती सांगत नाही. वडील रंगकाम करीत. एका इमारतीच्या परांचीवरून पडून ते कमरेखाली लुळे झाले आणि तेव्हापासून खाटेवरच आहेत. आई चार घरची धुणीभांडी करून घर चालवी. ती शिस्तीची बाई होती, मुलांच्या वह्या तपासायला येत नसे, कारण तिला वाचता येत नव्हते, पण वही कोरी आहे की भरलेली एवढे पाहण्यासाठी ती रोज रात्री दप्तर उघडी. संस्कार हा शब्द ज्या अर्थाने आपण वापरतो त्या अर्थाने दोन्ही मुलांवर सारखेच संस्कार झाले. खोली तीच, गल्ली तीच, शाळा तीच, आठवीचा वर्गशिक्षकही तोच, म्हणजे मी.

थोरला अभ्यासात यथातथाच होता. आठवी झाल्यावर, पंधरावे वर्ष सरल्यावर, तो कळमन्याच्या बाजूला एका गॅरेजात उस्तादांच्या हाताखाली लागला. सुरुवातीचे सहा महिने त्याचे काम म्हणजे रॉकेलच्या तसराळ्यात सुटे भाग धुणे आणि मागितला तो पाना हातात देणे. दहा नंबरचा मागितला आणि बारा नंबरचा दिला की शिवी मिळे. पहिल्याच पावसाळ्यात तो कंटाळला आणि तीन दिवस गॅरेजात गेला नाही. चौथ्या दिवशी सकाळी उस्ताद आपल्या लुनावरून वस्तीत आले, खाटेवरच्या वडिलांशेजारी बसले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘तीन दिवस पोट्टा दिसला नाही, म्हणून म्हटलं तब्येत पाहून यावं.’ बोलणे एवढेच झाले. ना रागावणे, ना उपदेश. थोरला त्याच लुनाच्या मागे बसून कामावर गेला. आज त्याच्याकडे स्वतःचे छोटे गॅरेज आहे आणि तिथे दोन मुले पाने देत उभी असतात.

धाकटा त्याच्यापेक्षा हुशार होता. गणित त्याला मुळातच येत असे, शिकवावे लागत नसे. आठवीत असताना, 2015 च्या ऑगस्टमध्ये, तो तीन दिवस शाळेत आला नाही. मी हजेरीपटावर तीन वेळा ‘गै’ मांडला. मग आठवडा झाला, मग महिना. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू असल्यामुळे मुलाचे नाव पटावरून कापायचे नव्हते. म्हणून मी शेऱ्याच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ असे लिहिले. नाव पटावर राहिले, मूल राहिले नाही. आणि आठवीपर्यंत कोणालाही नापास करायचे नाही हा त्या काळचा नियम असल्यामुळे वर्षाअखेर तो कागदोपत्री उत्तीर्णही झाला. त्याच्या प्रगतिपत्रकावर सही माझी आहे.

त्याच्या घरी जायला मला पंधरा मिनिटे लागली असती. मी का गेलो नाही, याची कारणे देता येतील: वर्गात बावन्न मुले होती, मतदारयाद्यांचे काम अंगावर होते, पोषण आहाराचा हिशेब रोज भरावा लागे. ही सगळी कारणे खरी आहेत. पण त्या महिन्यात त्याला शोधत एक माणूस आला होता, तो मी नव्हतो. वस्तीच्या टोकाला ज्याचा अड्डा होता, जुगाराच्या आणि वसुलीच्या धंद्यात ज्याचे नाव होते, तो ‘भाऊ’ आला होता.

महोदय, या भाऊबद्दल थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी, कारण सरकारी अहवालांत त्याचा उल्लेख ‘वाईट संगत’ अशा दोन शब्दांत संपतो. भाऊने धाकट्याला पहिल्या भेटीत चाकू दिला नाही. वडिलांना पाठीवर जखमा झाल्या होत्या, तर मध्यरात्री ऑटो करून त्यांना मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेऊन भरती केले आणि पहाटेपर्यंत तो तिथेच बसला. पुढे मोबाइल घेऊन दिला, वाढदिवसाला चौकात केक कापला, बॅनरवर फोटो लावला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे नाव कोणीतरी एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिण्याची ती पहिलीच वेळ होती. भाऊ रात्री दोन वाजता फोन उचलतो. त्याचे कार्यालय साडेपाचला बंद होत नाही, त्याची बदली होत नाही, त्याचा करार अकरा महिन्यांनी संपत नाही आणि त्याचे पद कधी रिक्त राहत नाही. मार्गदर्शक म्हणून त्याच्यात जे गुण आहेत ते आपल्या एकाही योजनेत नाहीत, हे मान्य केल्याशिवाय त्याच्याशी लढता येईल असे मला वाटत नाही.

सतराव्या वर्षी धाकट्याने एका मुलावर चाकूने वार केले. तो मुलगा वाचला, पण त्याचा एक हात आजही नीट चालत नाही, आणि त्यालाही आई आहे. म्हणून धाकट्याने काहीच निवडले नव्हते, सगळे परिस्थितीने केले, असे मी म्हणणार नाही. चाकू त्याने उचलला. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या रात्री जी निवड त्याच्या हातात होती तिच्या आधीच्या चार वर्षांत बाकीच्या सगळ्या वाटा एकेक करून मिटल्या होत्या, आणि त्यातली पहिली मी शेऱ्याच्या रकान्यात मिटवली. तो पकडला गेल्यावर त्याची आई माझ्या घरी आली आणि म्हणाली, ‘सर, दोघाइले बी एकाच ताटात वाढलं जी मी. मंग हे असं कसं झालं?’

बाल न्याय कायदा, 2015 प्रमाणे मुलाला बाल न्याय मंडळापुढे प्रथम हजर केल्यापासून 15 दिवसांच्या आत परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. मुलाचे घर, शाळा, मित्र, सवयी, अडचणी हे सगळे पाहून मंडळाला त्याची ओळख करून द्यावी, हा त्यामागचा हेतू. आणि हा मला त्या कायद्यातील सर्वांत शहाणा भाग वाटतो. धाकट्याच्या बाबतीत त्या अहवालाचा सारांश मला सांगण्यात आला: वडील आजारी, आई मोलकरीण, संगत वाईट, शाळा सोडलेली. शाळा सोडलेली! जणू ती त्यानेच सोडली होती.

चौकशी चालू असेपर्यंत अशा मुलांना जिथे ठेवतात त्या निरीक्षणगृहात त्याच्याशी मनापासून बोलणारे एक समुपदेशक होते, असे तो स्वतः सांगतो. तीन-चार महिन्यांनी त्यांचा करार संपला आणि ते गेले. नवीन आले त्यांनी पहिल्यापासून सगळे विचारायला सुरुवात केली, तेव्हा याने बोलणेच बंद केले.

आता कायद्याचा हिशेब पाहावा. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क 6 ते 14 या वयापुरता आहे. बालकामगार कायद्यातील 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही, पण 14 ते 18 वयाच्या मुलाला केवळ धोकादायक कामांपुरती मनाई आहे. आणि सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर प्राथमिक मूल्यांकन करून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट 2015 च्या कायद्याने मोकळी केली आहे. म्हणजे चौदाव्या वर्षी राज्य त्याचा हात सोडते आणि सोळाव्या वर्षी तो पुरता मोठा झाला का हे तपासायला बसते. मधल्या दोन वर्षांत त्याला मोठे कोणी करायचे?

आपल्या शहराला याचे उत्तर परके नाही. दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. 14 ऑक्टोबर 1956 या दिवसामागे मुंबईतल्या एका शिक्षकाने शाळकरी भीमरावांना भेट दिलेले बुद्धचरित्राचे एक पुस्तकही आहे, ही गोष्ट तेथे जमणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक असते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा पाहिला, त्याची चौकशी केली, स्वतः लिहिलेले ते चरित्र त्याला दिले, आणि पुढे पैशाअभावी शिक्षण थांबायची वेळ आली तेव्हा महाराजा सयाजीरावांकडे शब्द टाकून महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. प्रतिभा अर्थातच बाबासाहेबांची होती आणि घरी रामजी सुभेदारांसारखा बापही होता. पण घराबाहेर एक माणूस थांबला, आणि मुख्य म्हणजे पुस्तक देऊन निघून न जाता अनेक वर्षे लक्ष ठेवून राहिला.

गेल्या काही वर्षांतली उदाहरणेही आहेत. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात तुटक्या बादलीला लाथा मारून खेळणारी वस्तीतली मुले पाहिली आणि 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉलची सुरुवात केली. जुलै 2025 मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीसारख्या खेळाडूला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, आणि विजयानंतर आईला बिलगून रडली. शहराने तिचे कौतुक केले ते योग्यच झाले. मला मात्र ते छायाचित्र पाहताना तिच्यापेक्षा तिच्या आईकडे जास्त वेळ पाहावेसे वाटले. खेळ मुलीनेच खेळायचा असतो, पण स्पर्धा संपेपर्यंत कोणीतरी तिथे हजर राहावे लागते. धाकट्याच्या आईला चार घरच्या कामांतून एका दिवसाची सुटी मिळत नव्हती.

म्हणून माझी मागणी पैशाची कमी आणि माणसाची जास्त आहे. पैशाच्या योजना आहेतच: मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली महिना 4,000 रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते आणि ज्याचे पालक अपंगत्वामुळे सांभाळ करू शकत नाहीत असे मूलही त्यात बसते. आठवी उत्तीर्ण मुलाला आयटीआयमध्ये वेल्डर किंवा वायरमन होता येते. पण वस्तीतल्या आईला हे सांगणारा, अर्ज भरून देणारा, आणि अर्ज परत आला तर पुन्हा घेऊन जाणारा कोण? मनपा शाळेतून दर उन्हाळ्यात आठवी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांची यादी शाळेकडे तयार असते. त्या यादीतील प्रत्येक मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत कुठे आहे, हे ठाऊक असणे ज्याची नोकरी आहे असा एक माणूस प्रत्येक शाळेमागे असावा, आणि त्याच यादीवर तो सलग चार वर्षे राहावा. तीन दिवस मूल दिसले नाही तर चौथ्या दिवशी त्याने घरी जावे. परिविक्षा अधिकाऱ्यांची रिक्त पदे भरावीत, आणि निरीक्षणगृहातील समुपदेशकांचा करार निदान हातातल्या मुलाचा निकाल लागेपर्यंत तरी संपू नये.

वेतनाचा खर्च जिल्हा योजनेतून भागवता येत नाही, असे उत्तर मला मिळेल हे मी गृहीत धरतो. तसे असेल तर पदांचा विषय आपण मंत्रिमंडळापुढे न्यावा. तोवर जिल्हा योजनेतून सहज होण्यासारखे एक काम आहे: संध्याकाळी सहा ते नऊ मनपा शाळांचे दरवाजे उघडे ठेवावेत. विजेचे बिल, चौकीदार, एक कॅरम, दोन फुटबॉल आणि थोडी पुस्तके एवढाच खर्च येईल. भाऊचा चौक नेमका त्याच वेळी भरतो. आणि शहरातल्या उस्तादांना, मग ते गॅरेजातले असोत, आखाड्यातले असोत की शिलाईयंत्रावरचे, एकदा बोलावून विचारावे की मूल टिकवायचे कसे. त्यांना आमच्या प्रशिक्षण शिबिरांपेक्षा पुष्कळ अधिक कळते.

धाकटा आता बाजारात हमाली करतो. अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे पुढे पायावर उभे राहीपर्यंत आधार देण्याची, तरतूद कायद्यात आहे, पण तिच्याबद्दल त्याला कोणी काही सांगितले नव्हते. मलाही ती निवृत्तीनंतर वाचनात आली. गेल्या महिन्यात तो भेटला तेव्हा मी त्याला त्या ऑगस्टबद्दल विचारले. तो म्हणाला की पहिले तीन दिवस तो वडिलांच्या औषधासाठी रांगेत होता, चौथ्या दिवशी येणारच होता, पण ‘सर रागावतील’ म्हणून आला नाही.

विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात. मी ज्या शाळेतून निवृत्त झालो तेथील मागच्या पाच वर्षांच्या आठवीच्या याद्या मुख्याध्यापकांच्या परवानगीने पाहिल्या आणि त्यातील किती मुले आज कुठे आहेत, हे एकेका घरी जाऊन विचारण्यास सुरुवात केली आहे. त्या नोंदी घेऊन आपल्या जनता दरबारात येण्याची माझी तयारी आहे. शाळा उघडण्यापूर्वीची एखादी वेळ द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मनपा शिक्षक,
नागपूर