हातभार लावणाऱ्या पेणकरांचे मनापासून आभार

मूर्तिकार बाप आणि शहरात नोकरीला लागलेला मुलगा, एवढीच आमच्या लघुपटाची गोष्ट. चित्रीकरण पेणजवळच्या हमरापूर-जोहे परिसरात झालं, तेही ऐन आषाढात, जेव्हा तिथल्या कारखान्यांत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. दमट हवेत शाडूची मूर्ती लवकर वाळत नाही आणि घाईने वाळवली तर तडकते. अशा दिवसांत तुम्ही आम्हाला जागा दिलीत, याचं मोल आम्ही जाणतो.

संवाद चालू असताना रंगाचा कंप्रेसर बंद ठेवणारे दादा, सगळ्या युनिटला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊ घालणाऱ्या काकू, भर पावसात दिव्यांवर ताडपत्री धरून उभी राहिलेली पोरं, तुम्हा सर्वांचे आभार.

सगळ्यात मोठं ऋण मात्र डोळ्यांची आखणी करणाऱ्या काकांचं. पडद्यावर बापाचा म्हणून दिसतो तो हात त्यांचा. बारीक कुंचला, मूर्तीच्या गालाशी टेकलेली करंगळी आणि एका दमात ओढलेली भुवई! मग मुलाचं काम करणाऱ्या नटाचा हात धरून त्यांनी तीच रेघ काढून घेतली. पटकथेत हे नव्हतंच. बाप-लेकाबद्दल जे आम्हाला पानंच्या पानं लिहून सापडत नव्हतं, ते तिथे सापडलं. त्या प्रसंगातले संवाद आम्ही काढून टाकले.

तुम्ही मानधन घेतलं नाहीत, श्रेयनामावलीत नावंही नको म्हणालात. म्हणून हे जाहीर आभार. पहिला खेळ तुमच्याच गावात, गणपती रवाना झाल्यावर. घरच्या सगळ्यांना घेऊन या.