हौशी संघांसाठी हाताने फिरणारा रंगमंच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हौशी नाट्यस्पर्धांचा हंगाम तोंडावर आला की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातील संघांत संहितेच्या पहिल्या वाचनानंतर एक वाद ठरलेला असतो: दोन स्थळे असलेले नाटक घ्यावे की नाही. बहुधा ते घेतले जात नाही. घेतलेच, तर प्रवेशबदलाच्या अंधारात सोफा ओढल्याचा आवाज, विंगेतली कुजबुज आणि प्रेक्षागृहात एकेक करून उजळणारे मोबाइल असा तीन-चार मिनिटांचा, संहितेत नसलेला प्रवेश सादर होतो. फिरता रंगमंच, म्हणजे पुढे-मागे दोन स्थळे मांडून गोल फिरवता येणारी चकती, हा यावरचा उपाय आहे हे सगळ्यांना ठाऊक असते; पण त्याला मोटार लागते, मोठा खर्च लागतो, तो व्यावसायिक संस्थांचाच मामला आहे, ही समजूत इतकी पक्की आहे की कोणी कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसत नाही.

१९६२ साली आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ फिरत्या रंगमंचावर आले, तेव्हापासून ही किमया मराठी प्रेक्षकाच्या परिचयाची आहे. मात्र मूळ कल्पना विजेच्या फार आधीची. जपानमधील ओसाका येथे, काबुकी या तिथल्या पारंपरिक नाट्यप्रकाराच्या नाट्यगृहात नामिकी शोझो या नाटककाराने १७५८ साली असा रंगमंच वापरात आणला, आणि तो खाली उभी असलेली माणसे ढकलून फिरवीत असत. जे काम त्या काळी माणसांच्या बळावर होत होते, त्यासाठी आज तालुक्याच्या नाट्यगृहात मोटारच हवी असा आग्रह का धरावा, हे मला समजत नाही.

आमच्या संघाने दोन वर्षांपूर्वी १६ फूट व्यासाची चकती तयार केली. ८ बाय ४ फुटांचे, १८ मिलिमीटर जाडीचे ८ वॉटरप्रूफ प्लायवूड मांडले की बरोबर १६ बाय १६ फुटांचा चौरस होतो. त्यातून वर्तुळ कापल्यावर जे चार कोपरे उरतात ते चकतीभोवतीच्या लेव्हल्सना, म्हणजे लाकडी चौथऱ्यांना, उपयोगी पडतात. प्रत्येक तुकड्याखाली ३ बाय २ इंची रिपांची चौकट ठोकली आणि शेजारच्या चौकटी नट-बोल्टने जोडल्या. या मांडणीत एक खोड आहे, ती आम्हाला कापणी झाल्यावर कळली: वर्तुळाचा मध्य नेमका चार तुकड्यांच्या कोपऱ्यांवर येतो, म्हणजे जिथे सर्वाधिक मजबुती हवी तिथेच सांधा. शेवटी वेल्डरकडून एक फूट लांबी-रुंदीची लोखंडी प्लेट करून घेतली, तिने चारही कोपरे एकत्र बांधले आणि तिच्याखाली पाइपचा तुकडा जोडून तो जमिनीवरच्या थोड्या बारीक पाइपवर बसवला. या खुंट्याने चकती जागेवर धरायची आहे, वजन पेलायचे नाही. वजन चाकांनी पेलायचे.

चाकांच्या बाबतीत आमची चूक सविस्तर सांगतो, म्हणजे इतरांचे पैसे वाचतील. ऑफिसच्या खुर्चीला असतात तशी सर्व दिशांना वळणारी चाके आम्ही प्रथम लावली. एका दिशेने चकती लोण्यासारखी फिरली. रंगीत तालमीत ती उलटी फिरवताच सगळी चाके आपापल्या सवडीने वळली, चकतीला हिसका बसला आणि देव्हाऱ्याजवळचा तांब्या गडगडत थेट पहिल्या रांगेपर्यंत गेला. प्रसंग आईच्या मृत्यूचा होता. समोर बसलेली मंडळी पोट धरून हसली. त्यानंतर एकाच दिशेत चालणारी, रबरी धावेची २४ चाके आणली, बाहेरच्या वर्तुळात १६ आणि आतल्या वर्तुळात ८. मध्यबिंदूला दोरी बांधून प्रत्येक चाकाचा आस त्या दोरीच्या रेषेत येईल असे ते बसवावे लागते. एखादे चाक जरा तिरके बसले तरी ते कुरकुरते आणि चकती एका बाजूला रेटते. नाट्यगृहातील फळ्या क्वचितच समपातळीत असतात, म्हणून चाकांच्या मार्गावर प्लायवूडच्या पट्ट्या अंथरून, पाचरी मारून त्या सारख्या कराव्या लागतात. आमचा सर्वाधिक वेळ यातच जातो.

चकतीची उंची सुमारे ८ इंच होते, त्यामुळे भोवतीच्या लेव्हल्स तेवढ्याच उंचीच्या लागतात. दोन्हींमधील फट अर्ध्या इंचाहून जास्त ठेवू नये. निऱ्यांचा काठ किंवा लहान मुलाचे बोट त्यात अडकू शकते. चकती थांबल्यावर तिला अडकवणारी कडी हवीच, नाहीतर नट खाली उतरताना तीच पायाखालून सरकते. मधोमध फ्लॅट्सची, म्हणजे नेपथ्यातल्या भिंतींच्या सुट्या चौकटींची, आडभिंत उभी केली की पुढे वाडा आणि मागे कचेरी अशी दोन स्थळे तयार होतात. मागच्या बाजूचे दोघे विंगेतून ढकलतात आणि साधारण १२ सेकंदांत अर्धा फेरा पूर्ण होतो. सुतारकाम आमचेच असल्याने एकूण खर्च ५२ हजार रुपयांच्या आत बसला. अर्थात चकती हाताशी आली की दिग्दर्शकाला ती प्रत्येक प्रवेशात फिरवण्याचा मोह होतो, त्याला मात्र वेळीच आवरावे लागते.

आता खरी अडचण. ५२ हजार ही रक्कम वर्षातून एक नाटक करणाऱ्या संघाला जड आहे, आणि ते नाटक संपले की चकती ठेवायची कुठे हा प्रश्न उरतोच. आमची सध्या एका सभासदाच्या गोठ्यावरील माळ्यावर आहे आणि कोकणातील पावसात तिच्या कडा फुगू लागल्या आहेत. नगरपालिकांनी आपल्या नाट्यगृहात किंवा नाट्य परिषदेच्या शाखांनी आपल्या जागेत अशी एकेक सुटी चकती ठेवून नाममात्र भाड्याने दिली, तर परिसरातील सर्व संघांचे काम भागेल. जमिनीला एकही खिळा ठोकावा लागत नाही, जुळवणीला दीड तास पुरतो, आणि तेवढा वेळ प्रयोगाआधी रिकामा मिळेल असे आरक्षणाच्या नियमात लिहिले की झाले. तोवर शेजारच्या तालुक्यातील एखाद्या संघाला हवी असल्यास आमची चकती टेम्पोचे भाडे भरून न्यावी. चाकांच्या आखणीचा कागद सोबत देऊ.

— एक हौशी नेपथ्यकार, जि. रत्नागिरी