ताई, आमचा एलईडी ड्रायव्हर वाचलात त्याबद्दल

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय त्याचं कारण असं की आमच्या गिट लॉगमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीत, एलईडी ड्रायव्हरच्या (दिवे चालवणाऱ्या कोडच्या) प्रत्येक बदलावर लेखक म्हणून माझं नाव येतं, आणि ज्यांनी तो ओळ न ओळ वाचून मार्गी लावला त्यांचं नाव खाली एका ओळीत, तेही कोणी पूर्ण कमिट मेसेज, म्हणजे त्या बदलाची टीप, उघडला तर. रिव्ह्यू करणाऱ्याचं काम असं झाकलेलंच राहतं, आणि मला ते अजिबात पटत नाही, म्हणून तुम्ही नक्की काय केलंत ते इथे नीट लिहून ठेवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचं छोटं युनिट इंदूरला परदेशीपुऱ्यात इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समध्ये आहे, बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी आम्ही एक लिनक्सवर चालणारा बॉक्स बनवतो, आणि त्याच्या पुढच्या पॅनलवर आरजीबी (लाल-हिरवा-निळा) एलईडी आहेत. हिरवा म्हणजे तापमान ठीक, पिवळा म्हणजे दार उघडं राहिलंय, लाल म्हणजे कॉम्प्रेसर ट्रिप. रात्रपाळीचा माणूस मोबाईलवर ग्राफ बघत बसत नाही हो, तो लांबून रंग बघतो आणि त्यावरून उठायचं की नाही ते ठरवतो. त्यामुळे हा ड्रायव्हर दिसायला छोटा असला तरी आमच्यासाठी फार महत्त्वाचा. एलईडी चालवणारी चिप आय टू सी वर (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवर) बसलेली, आणि तिचा ड्रायव्हर बोर्ड विकणाऱ्यांनी दिलेला, जुन्या कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) लिहिलेला. तो ६.६ कर्नलवर आणायचं काम माझ्याकडे होतं. लोकमान्य नगरच्या गणेशोत्सवात तुमची ओळख झाली, बोलता बोलता तुम्ही कर्नलचंच काम करता हे कळलं, मी विषय काढला आणि तुम्ही म्हणालात, पाठवा, वाचते. एवढंच. ना पैशाची गोष्ट ना कसला करार.

पहिल्याच बैठकीत तुम्ही एक प्रश्न विचारलात आणि मग तोच प्रत्येक फंक्शनला लावलात: हे कोण बोलावतं, आणि त्या वेळी तिथे झोपायची परवानगी आहे का? आय टू सी वर लिहिताना कोड झोपू शकतो, बस मोकळी व्हायची वाट बघतो. पण एलईडी लुकलुकवणारा टायमर ट्रिगर किंवा हार्टबीट ट्रिगर ब्राइटनेस बदलायला सांगतो तो टायमरच्या आतून, आणि तिथे झोपणं म्हणजे कर्नलची सरळ तक्रार, शेड्यूलिंग व्हाइल अटॉमिक, म्हणजे मनाई असताना झोपलात. जुन्या ड्रायव्हरने यावर स्वतःची वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) बांधली होती, प्रत्येक एलईडीला वेगळं वर्क. तुम्ही दाखवलंत की हे काम एलईडी कोअर (कर्नलमधला सगळ्या एलईडींचा सामायिक कोड) आता स्वतःच करतो, ड्रायव्हरने फक्त ब्राइटनेस_सेट च्या जागी ब्राइटनेस_सेट_ब्लॉकिंग द्यायचं, मग अशा ठिकाणाहून हाक आली की कोअर ते काम मागे ढकलतो. सगळी वर्कक्यू उडाली. कोड कमी करून चूक घालवता येते हे ऐकलेलं होतं, पण इतकं स्वच्छ झालेलं मी पहिल्यांदा बघितलं.

मग आला तो पिवळा रंग. आमच्याकडे अधूनमधून तक्रार यायची की दार बंद आहे तरी पॅनल क्षणभर पिवळं होतं. विकणाऱ्यांचं म्हणणं होतं की वायरिंग बघा, ते आम्ही बघून झालेलं, दोन जागी तर केबलसुद्धा बदललेली. तुम्ही कोड बघून विचारलंत की लाल, हिरवा, निळा हे तीन रजिस्टर (चिपमधले किमतींचे खाने) तीन वेगळ्या वेळी का लिहिताय. १०० किलोहर्ट्झच्या बसवर एका बाइटला नऊ क्लॉक म्हणजे ९० मायक्रोसेकंद, तीन वेगळे राइट म्हणजे, दर राइटला पत्ता, रजिस्टर आणि किंमत धरून, नऊ बाइट, साधारण ०.८ मिलिसेकंद. मी म्हटलं एवढ्याशा वेळात डोळ्याला काय दिसणार. तुम्ही म्हणालात, वेळेचा प्रश्नच नाही, मधे दुसरा कोणी घुसतो त्याचा आहे. एकीकडून आमचं अॅप हिरवा लिहितंय, दुसरीकडून अलार्मचा प्रोसेस लाल, दोघांमधे कुलूप (एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारं) नाही, तर एकाचा लाल आणि दुसऱ्याचा हिरवा असे एकत्र राहून जातात, आणि लाल अधिक हिरवा म्हणजे पिवळा! पुढचा कोणी लिहीपर्यंत तो तसाच. मला तेव्हा वाटलं होतं की रेगमॅपला (रजिस्टर लिहायच्या कर्नलमधल्या सोयीला) स्वतःचं कुलूप असतंच की, त्यावर तुम्ही कागदावर काढून समजावलंत की रेगमॅपचं कुलूप एका व्यवहारापुरतं असतं, तीन व्यवहार एकत्र राहायला हवेत हे त्याला कसं कळणार. ते ड्रायव्हरनेच सांगायचं. आता म्युटेक्स (म्हणजे ते कुलूप) घेऊन तिन्ही किमती एकाच बल्क राइटमधे जातात, चिप पुढचं रजिस्टर आपणच पकडते, आणि बाइट पण नऊचे पाच झाले.

याच ओघात तुम्ही आम्हाला मल्टीकलर क्लासवर (कर्नलमधल्या बहुरंगी एलईडींच्या सोयीवर) नेलंत, जो २०२० मधे ५.९ कर्नलमधे आला. आधी एका दिव्याचे तीन एलईडी वेगवेगळे दिसायचे आणि अॅप तिघांना वेगवेगळं हाकायचं, म्हणजे गोंधळाचं मूळ तिथेच होतं. आता एक दिवा म्हणजे एकच एलईडी, मल्टी_इंटेन्सिटी मधे रंगाचं प्रमाण आणि ब्राइटनेस मधे उजेड. प्रमाण २५५, १२८, ० आणि ब्राइटनेस १२८ ठेवला की चिपला जातात १२८, ६४, ०, म्हणजे रात्री पॅनल मंद केलं तरी रंग तोच राहतो.

पण ताई, ज्यासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे तो भाग म्हणजे रिमूव्ह फंक्शन, ड्रायव्हर काढताना चालणारं. ते कोणी वाचतच नाही. प्रोब (ड्रायव्हर सुरू होताना चालणारं) सगळे वाचतात, कारण प्रोब चाललं नाही तर दिवा लागत नाही, रिमूव्हकडे कोण बघतो, बॉक्स तर सतत चालूच असतो ना. तुम्ही विचारलंत, तुम्ही अपडेट कसं टाकता? मी सांगितलं, रात्री मॉड्यूल (ड्रायव्हरचा सुटा तुकडा) काढतो आणि नवीन घालतो. तुम्ही एकदम गप्प झालात आणि परत वर जाऊन प्रोब वाचायला लागलात.

तिथे असं होतं की ड्रायव्हरची मेमरी साध्या केझॅलॉकने घेतलेली, रिमूव्हमधे केफ्रीने सोडलेली, पण एलईडीची नोंदणी मात्र डेव्हएम वाली, म्हणजे कर्नल आपोआप सोडवतो ती. डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी रिमूव्ह संपल्यावर सुटतात, आणि ज्या क्रमाने घेतल्या त्याच्या उलट. म्हणजे आधी रिमूव्ह चालणार, चिप बंद, मेमरी सोडून दिलेली, आणि त्यानंतर एलईडी कोअर नोंदणी काढायला येणार. आणि नोंदणी काढताना कोअर एक शहाणं काम करतो, जाताजाता दिवा विझवतो. त्यासाठी तो ड्रायव्हरच्याच फंक्शनला हाक मारतो, जे आता सोडून दिलेल्या मेमरीत हात घालतं. घर रिकामं करून किल्ली परत दिली आणि मग कोणीतरी आत दिवा मालवायला गेलं, असं. बहुतेक वेळा ती मेमरी अजून तशीच पडलेली असते म्हणून काही होत नाही, आणि एखाद्या रात्री दुसऱ्या कोणाला दिली गेलेली असते तेव्हा बॉक्स लटकतो. अपडेटनंतर सकाळी पॅनल काळं पडलेलं सापडायचं, आणि आम्हाला सांगितलं जायचं की पॉवर सप्लाय खराब असेल.

तुम्ही नुसतं सांगून थांबला नाहीत. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू करून कर्नल बांधायला लावलात, मॉड्यूल काढ-घाल करायची छोटी स्क्रिप्ट लिहायला लावलीत, आणि स्क्रीनवर यूज आफ्टर फ्री (सोडलेली मेमरी वापरली) आणि खाली पूर्ण कॉल ट्रेस (कोणी कोणाला बोलावलं त्याची यादी), अगदी तुम्ही बोटाने दाखवलेल्या ओळीसकट. आमच्या ऑफिसात सगळे उठून बघायला आले होते. मग दुरुस्ती पण तुमच्या पद्धतीची: मेमरी डेव्हएमने घ्यायची, चिप बंद करायचं आणि रेग्युलेटर (चिपला वीज देणारा) सोडायचं काम डेव्हएम_अॅड_अॅक्शन_ऑर_रीसेटने एलईडीच्या नोंदणीच्या आधी टांगायचं, म्हणजे उलट क्रमाने येताना आधी एलईडी निघतील आणि शेवटी चिपची वीज जाईल. इतकं केल्यावर रिमूव्ह फंक्शनमधे लिहायला काही उरलंच नाही, ते आम्ही काढूनच टाकलं. ६.१ पासून आय टू सी चं रिमूव्ह व्हॉइड (काहीच परत न देणारं) झालंय म्हणून मी ते बदलायला घेतलं होतं, तोही प्रश्न मिटला.

बाकी बारीकसारीक बरंच. डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डावरच्या भागांच्या यादीतून) आलेला रेग नंबर न तपासता थेट अॅरेत वापरला जात होता, रेग्युलेटर अजून तयार नसला की लॉगमधे उगाच लाल एरर भरायचे तिथे डेव्ह_एर_प्रोब आलं, लूपमधून मधेच बाहेर पडताना त्या यादीतल्या चाइल्ड नोडचा रेफरन्स सोडायचा राहिला होता.

आणि एक गोष्ट वेगळी सांगायलाच पाहिजे, तुमची कमेंट लिहायची रीत. ‘हे चुकीचं आहे’ असं एकदाही नाही. दर वेळी कोण बोलावतं, कधी बोलावतं, त्या वेळी काय शिल्लक असतं, आणि म्हणून काय होईल. वाचणाऱ्याला स्वतः त्या जागी जाऊन उभं राहावं लागतं. आमच्याकडची दोन नवीन पोरं, एक जण इथल्याच जीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकताच पास झालेला, तुमच्या कमेंट्स वहीत उतरवून ठेवतात आणि आता एकमेकांच्या कोडला तेच प्रश्न विचारतात. जिथे तुम्हाला खात्री नव्हती तिथे ‘डेटाशीट बघून सांगते’ असं लिहिलंत आणि खरंच बघून सांगितलंत. रिव्ह्यूड-बाय द्यायलाही घाई केली नाहीत. कर्नलच्या रीतीप्रमाणे त्या ओळीचा अर्थ असा की मी हे तपासलंय, हे घेण्यासारखं आहे आणि मला माहीत असलेली अडचण यात उरलेली नाही, जरी त्यात कसली गॅरंटी नसली तरी. तुम्ही शेवटचा लॉक तपासेपर्यंत ती ओळ दिली नाहीत, आणि म्हणूनच ती आल्यावर मी निर्धास्तपणे सांवेर रोडच्या बॉक्सवर अपडेट सोडलं.

दिवसभर स्वतःची नोकरी करून, घरी आईंचं औषधपाणी बघून, रात्री जेवणानंतर तुम्ही हे वाचत होतात हे मला नंतर कळलं. आईंनाही माझा नमस्कार सांगा, त्यांच्या हातच्या पोह्यांचंही देणं आहे माझ्यावर. मोबदल्याचं मी परत काढणार नाही, तुम्ही दोनदा नाही म्हणालात, पण पुढच्या पॅनलच्या बॉक्सबरोबर जे छापील मॅन्युअल जाईल त्यात रिव्ह्यू करणाऱ्या म्हणून तुमचं नाव घालायला परवानगी द्या, मसुदा मेलवर पाठवलाय. त्या पॅनलला जास्त चॅनलची चिप आहे, तिचा ड्रायव्हर या वेळी आधी पोरं वाचतील, त्यांच्या कमेंट्ससकट तुमच्याकडे येईल. तुम्हाला सवड असेल तेव्हाच उघडा, आम्ही थांबू.

तुमचा,
परदेशीपुऱ्यातला धाकटा भाऊ