सीलोनच्या दारातून

कोलंबो,
रविवार, सकाळ

ती. दादा आणि ती. सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं होतंच, पण आज जे सांगायचंय ते फोनवर नीट सांगून होणार नाही. शिवाय तुझ्याकडून मला एक काम करून हवंय, आणि कामाचं कागदावर लिहून दिलेलं बरं असतं. म्हणून हे पत्र.

परवा संध्याकाळी मुलगा आणि सूनबाई मला इंडिपेन्डन्स स्क्वेअरला फिरायला घेऊन गेले. मोठी झाडं, मधोमध दगडी खांबांचं उघडं सभागृह, भोवती पळणारी माणसं. तिथून थोडं चालत गेलं की श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनची इमारत लागते. मी पाटी वाचली आणि पुढे पाऊलच टाकवेना. या जागेला पूर्वी टॉरिंग्टन स्क्वेअर म्हणायचे. दादा, श्रीलंकेला सीलोन म्हणायचे तेव्हाचं हेच ते रेडिओ सीलोन! ‘श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन का विदेश विभाग’ असं म्हणणारा आवाज वाईच्या आपल्या माजघरात येत होता, तो इथून निघालेला. मुलाला वाटलं मला बरं नाही. त्याला काय सांगणार! त्याच्यासाठी ती एक सरकारी इमारत, बाहेर पहारेकरी. आत जायला परवानगी लागते, ती काढायचा प्रयत्न करते आहे.

गेला आठवडाभर याच विचारात आहे. आपण गाण्यांची आठवण काढतो, निवेदक अमीन सयानींची काढतो, जाहिरातींची मात्र हसून काढतो. मला आता वाटतं की त्या जाहिरातींचे आपल्यावर मोठे उपकार आहेत, आणि ते आपण कधी कुणी नीट बोलून दाखवले नाहीत.

जरा आठव. १९५२ साली बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती आणि प्रसारण खात्याचे मंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ, संगीतातले जाणकार. त्यांना सिनेमाचं गाणं उथळ वाटायचं, आणि आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपारच झालं. त्यांनी शास्त्रीय संगीतासाठी केलं ते थोडंथोडकं नव्हतं. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच साली सुरू झाला, आणि पुढे त्या कार्यक्रमाला आपले अण्णा मांडी घालून बसायचे, मध्ये कुणी बोललेलं खपायचं नाही, हे मीही पाहिलंय. पण लोकांना लता, रफी, तलत ऐकायचे होते. ते कुठून ऐकणार? तर समुद्रापलीकडून. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजांसाठी ब्रिटिशांनी इथे १०० किलोवॅटचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर आणला होता. विमानतळाच्या वाटेवर जा-एला नावाचं गाव लागतं, त्याच्याजवळ एकला म्हणून ठिकाण आहे, तिथे तो होता. युद्ध संपल्यावर तो सीलोनच्या हाती आला. एवढ्याशा बेटाला एवढी मोठी ताकद पुरून उरणारी होती. मग यांनी व्यापारी विभाग काढला आणि वेळ विकायला ठेवली. ती कुणी घेतली? टूथपेस्टवाल्यांनी, साबणवाल्यांनी, चहावाल्यांनी. ३ डिसेंबर १९५२ ला बिनाका गीतमाला, दर बुधवारी रात्री आठची ती गाण्यांची क्रमवारी, सुरू झाली ती सिबा कंपनीच्या टूथपेस्टच्या पैशांवर. म्हणजे आपल्याच सरकारने जे गाणं दाराबाहेर काढलं, ते एका दंतमंजनाने आपल्या घरात परत आणून सोडलं. ती जाहिरात नसती तर तुझ्या-माझ्या बुधवारच्या आठ वाजण्याला काही अर्थच उरला नसता.

आणि गंमत बघ, कार्यक्रम तयार व्हायचा मुंबईत. टेपा विमानाने कोलंबोला जायच्या आणि इथून हवेत सुटून पुन्हा आपल्याकडे यायच्या. मुंबई ते कोलंबो सुमारे १५०० किलोमीटर, तेवढं जाऊन तेवढंच परत, एका तासाच्या गाण्यांसाठी! शॉर्टवेव्हच्या लहरी वरच्या विद्युतभारित थरावर आदळून लांबवर खाली उतरतात, म्हणून तर पुण्याचं मिडियमवेव्ह कधी खरखरायचं आणि सीलोन स्वच्छ यायचं. तो थर वरखाली झाला की आवाज लाटेसारखा मोठा-लहान व्हायचा. गाणं ऐन अंतऱ्यात बुडायचं, आणि वर यायचं तेव्हा बऱ्याचदा मध्येच जाहिरात लागलेली असायची.

आपला मर्फी रेडिओ मला अजून बोटाने चाचपून सांगता येईल. कोनाड्यात, आईने विणलेल्या पांढऱ्या जाळीच्या झाकणाखाली. बटण पिळलं की आधी दिवा लागायचा, मग काही क्षण नुसतीच गुणगुण, कारण वाल्व्ह तापायला वेळ लागायचा, आणि मग हळूहळू, स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा, तो हिरवा डोळा उघडायचा. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल. काटा फिरवायचा हक्क फक्त तुझा. दोन बोटांनी तू इतका हळू फिरवायचास की काटा हलतोय की नाही ते कळायचं नाही. पंचवीस मीटरच्या पट्ट्याच्या आसपास ‘कुंईं’ असा आवाज निघायचा, त्याच्या पलीकडे अगदी केसाएवढ्या जागेत सीलोन. हिरव्या डोळ्याची फट मिटत आली की तू हात काढून घ्यायचास आणि सगळ्यांकडे अशा नजरेने बघायचास की आता कुणी जोराने चाललात तर याद राखा!

सकाळचं तर वेळापत्रकच होतं. साडेसातला जुनी गाणी. आठला तीन मिनिटं कमी असताना सैगल, रोज न चुकता. सैगल लागला की आई चुलीवरचं दूध उतरवायची आणि तू दप्तर उचलायचास. आठनंतर फर्माइशी, त्यात झुमरी तिलैयाच्या माणसांची नावं संपता संपायची नाहीत. तेव्हाच्या बिहारातलं, आताच्या झारखंडातलं, ते अभ्रकाच्या खाणींचं गाव आपल्याला साताऱ्याच्या आधी पाठ झालं होतं.

आणि आईचं हिंदी! तिला हिंदी कुणी शिकवलं? शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. पण लाइफबॉयची ती ‘तंदुरुस्ती की रक्षा’ ती भांडी घासताना अगदी सुरात म्हणायची. मुंबईच्या पाहुण्या काकूंशी ती पहिल्यांदा हिंदीत बोलली तेव्हा तिच्या तोंडी ‘तंदुरुस्ती’, ‘ताजगी’, ‘हमेशा’ असे साबण-चहाचे शब्द आले, आणि काकूंना ते इतकं शुद्ध वाटलं की त्यांनी विचारलं, तुम्ही उत्तरेकडे होता का? जाहिरात लिहिणाऱ्याला आपल्या कामाचा हा उपयोग कधी कळलाही नसेल.

बिनाकाच्या डबीत प्लॅस्टिकचे छोटे प्राणी निघायचे, ते तर तू विसरला नसशील. आपल्याकडे राखुंडी आणि काळं मंजन. अण्णांना टूथपेस्ट म्हणजे चैन. पण इतके महिने गीतमाला ऐकून ऐकून तू आणि मी मागेच लागलो, आणि दिवाळीला त्यांनी एक डबी आणली. पेस्टीकडे कुणी बघितलंच नाही. आतून पिवळा जिराफ निघाला, नखाएवढा, मान जरा वाकडी, पोटाखाली साच्याची बारीक रेघ. तू तो रेडिओवर ठेवलास. गरम वाल्व्हच्या वर ठेवून ठेवून त्याचे पाय थोडे मऊ पडले आणि तो एका बाजूला कलला. मला तो हवा होता आणि तू दिला नाहीस. (ते मी सोडून दिलंय.)

पुढे आपल्याकडेही शहाणपण आलं. १९५७ साली विविध भारती निघाली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूरहून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. तेव्हापासून इथलं उत्पन्न आटत गेलं असणार. ज्या जाहिराती इथे यायच्या त्या आता घरच्या घरी लागू लागल्या. पण एक गोष्ट फार चांगली झाली. जाहिराती मराठीतही यायला लागल्या. गाण्याच्या मध्ये अचानक आपल्याच बोलीत कुणीतरी साबण विकतंय, याचं केवढं अप्रूप! नंतर निरमा आली, विको आली. विकोवाले पेंढारकर आपलेच मराठी. वनराज भाटियांसारख्या पाश्चात्त्य संगीत शिकून आलेल्या माणसाने हजारो जिंगल केल्या. पंधरा-वीस सेकंदांत सूर, शब्द, मालाचं नाव, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात ते चिकटून बसलं पाहिजे. हे सोपं काम नाही. मला तर वाटतं आपल्या पिढीने सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं संगीत कुठल्या सिनेमातलं नाही, जिंगलचंच आहे. आणि कुणी केलं, कुणी गायलं, यातलं फारच थोडं कुणाला ठाऊक आहे. गाण्याच्या तबकडीवर नावं असतात. जिंगलची तबकडीच नाही. वाजली, विकली, पुसली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गीतमाला १९८९ साली विविध भारतीवर आली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अमीन सयानी गेले. तेव्हा तू फोन केला होतास, आणि आपण दोघं फारसं काही बोललो नव्हतो.

इथे शेजारी एक जाफनाच्या तमिळ आजी राहतात. त्यांना मी रेडिओ सीलोन म्हटलं मात्र, त्यांनी माझा हातच धरला. त्यांच्या लहानपणी तमिळ विभागात मयिलवाहनन म्हणून निवेदक होते, त्यांच्यासाठी म्हणे समुद्रापलीकडे तमिळनाडूतसुद्धा लोक कान लावून बसायचे. आजींनी मला दोन तमिळ जाहिराती म्हणून दाखवल्या. शब्द कळले नाहीत, पण एक बिस्किटाची होती आणि एक केसांच्या तेलाची, हे चालीवरूनच कळलं. मग मी त्यांना आपली लाइफबॉयची ऐकवली. त्यांनी लगेच ताल धरला, कारण ती त्यांनीही ऐकली होती! इथे माझं आणि त्यांचं इंग्रजी दोन्ही तोडकं आहे, पण तासभर बोलणं अडलं नाही.

तर आता काम. तू दर बुधवारी एका वहीत गीतमालेतल्या गाण्यांची क्रमवारी लिहायचास. निळ्या पुठ्ठ्याची वही, समासात तारखा, आणि सरताज गाण्याच्या पुढे लाल पेन्सिलीची चांदणी. मला खात्री आहे की तू ती टाकलेली नाहीस, कारण तू काहीच टाकत नाहीस. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, अण्णांच्या पंचांगांखाली असावी. पानं एकेक करून फोनवर फोटो काढून पाठव. उजेडात, सावली न पाडता. वहीच्या मागच्या पानांवर तू जाहिरातींचे शब्दही लिहिले होतेस असं मला पुसटसं आठवतंय. ते असतील तर आधी तेच पाठव.

दुसरं म्हणजे, तुला आणि वहिनींना आठवतात त्या सगळ्या जाहिराती फोनवर म्हणून रेकॉर्ड करा. लाजू नका. वहिनी नगरच्या, त्यांच्या घरी वेगळं काही लागत असेल. कुठल्या मालाची, साधारण कुठल्या सुमाराची, हे आधी बोलून मग म्हणा. आठवत नसेल तिथे नुसती चाल म्हटली तरी चालेल. वहिनींचा आवाज अजून चांगला आहे, तेव्हा मराठी जाहिराती त्यांनीच म्हणाव्यात. मी इथे आजींच्या तमिळ जाहिराती रेकॉर्ड करायला घेतल्या आहेत. सूनबाईने त्यासाठी संगणकावर एक कप्पा करून दिलाय, त्यात तुमच्याही ठेवीन.

बाकी सगळं ठीक. उकाडा आपल्या कोकणासारखा, नारळ स्वस्त, मासे ताजे. गुडघा बरा आहे. तुझी रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घेत जा.

आणि माळ्यावर तू स्वतः चढू नकोस. नातवाला चढव, शिडी धरायला वहिनींना उभं कर, आणि पेटीचं कुलूप गंजलं असेल तर आधी थोडं तेल सोडा.

तुझी धाकटी बहीण