कामून सही केलीस?

औसा, १८ सप्टेंबर

बाळ्या,

दोन वर्षं तुझा फोन उचलला नाही. कारण सांगतो, पण आधी तोंडभर शिव्या देऊन घे.

तब्येत ठीक. गोळ्या चालू आहेत, वजन वाढलंय. पुढे.

लातूरला आठ आठवड्यांच्या एका वर्गाला जातोय, दर गुरुवारी दोन तास. माइंडफुलनेस म्हणतात त्याला, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडं नीट लक्ष द्यायला शिकणं. डॉक्टरांनीच धाडलं. तिथं पहिल्याच दिवशी मॅडमनी तळहातावर एक बेदाणा ठेवला. आधी बघा, मग हुंगा, जिभेवर ठेवा, सावकाश चावा. एका बेदाण्याला दहा मिनिटं! तुझ्या हळदीच्या रात्री आपण डबाच्या डबा बकाणे भरून संपवला होता ते आठवलं आणि मला हसू फुटलं. पुढं आडवं पडून डाव्या पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवायचं, पाऊण तास. मी गुडघ्यापाशीच घोरायला लागलो.

तू गणिताचा मास्तर, पुरावा मागशील. टीसडेल, विल्यम्स आणि सेगल या तीन मानसशास्त्रज्ञांनी हे शिक्षण बेतलं, एकदा नैराश्यातून सावरलेला माणूस पुन्हा त्यात पडू नये म्हणून. २००० साली त्यांनी १४५ जणांवरचा अभ्यास छापला. तीन किंवा जास्त वेळा आजारी पडलेल्यांत नेहमीच्या उपचारांवर वर्षभरात ६६ टक्के पुन्हा पडले, हे शिकलेल्यांत ३७. दोनदाच पडलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. म्हणजे मी तिसऱ्यांदा पडलो म्हणून पात्र ठरलो बघ. आयुष्यात पहिल्यांदा मेरिटमध्ये.

पुन्हा पुन्हा तेच ते डोक्यात फिरवायच्या सवयीला मॅडम इंग्रजी शब्द वापरतात. मी म्हटलं, आमच्याकडं त्याला रवंथ म्हणतात. पण म्हशीच्या रवंथातून दूध तरी निघतं, आपला नुसता कोळसा उगाळणं. माझा कोळसा तुला ठाऊक आहे. रजिस्ट्रीची ती खोली, अंगठ्याची शाई, दादाचं खाली बघणं, विहिरीचं दीड एकर. आणि एकच प्रश्न, कामून सही केलीस?

मॅडम म्हणाल्या, 'कामून' फिरवत बसलं की मनाला वाटतं आपण काहीतरी काम करतोय. ते लागलं रे. मला खरंच वाटायचं की उगाळतोय म्हणजे आबांचं काहीतरी देणं फेडतोय. थांबलो तर दादाला माफ केल्यासारखं होईल, आणि मलाही. हे अजून सुटलेलं नाही. मॅडमला विचारलं तर त्या म्हणाल्या, "हाही एक विचारच आहे, येऊ द्या." असलं बोललं की राग येतो.

पण परवा पहाटे तीनला जाग आली ती तशीच, छातीवर दगड. गोठ्यात जाऊन बसलो. चंद्री डोळे मिटून चघळत होती. तीन मिनिटांचं शिकवलेलं केलं: आत काय चाललंय ते आधी बघायचं, मग नुसता श्वास, मग सगळं अंग. पहिल्याच मिनिटाला 'कामून सही केलीस' आलं. आणि बाळ्या, तो आवाज तुझा होता. तुझाच तो नाकातला, चिडका. दोन वर्षं तू चोवीस तास माझ्या डोक्यात बसून ओरडत होतास, मग फोनवर आणखी कशाला ऐकायचं? म्हणून उचलत नव्हतो. हे मला गोठ्यात कळलं, शेणात पाय असताना.

तू तर एकदाच बोलला होतास, त्या चहाच्या टपरीवर. मी "तुझ्या बापाची जमीन आहे का" म्हणालो आणि तू पैसे न देता उठलास. (चहाचे वीस रुपये अजून येणं आहेत.) बाकी हजार वेळा तुझ्या आवाजात मीच बोललोय.

चिनूची दहावी कशी झाली? वहिनींचा गुडघा? काकूंना नमस्कार सांग, त्यांच्या शेंगाचटणीची आठवण येते.

एक काम कर. त्या दिवशी टपरीवर तू नेमकं काय म्हणाला होतास, ते कागदावर लिहून पाठव. उगाळून उगाळून मला आता ते खरंच आठवत नाही.

तुझा,
पम्या