बायकांना मशीनवर कायम नोकरी का नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. आपलं बडोदं ट्रान्सफॉर्मरसाठी ओळखलं जातं, पण त्याची कॉइल वाइंडिंग, म्हणजे आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांची गुंडाळणी, करणाऱ्या बायकांबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझी भाची मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या सरकारी औद्योगिक वसाहतीत, हेच काम करते, तांब्याच्या पट्टीवर इन्सुलेशनचा (वीजरोधक) कागद नीट बसलाय का ते बोटाने चाचपत एकेक वेढा मोजून घ्यायचा, ताण जरा सैल झाला की लेयर उसवून परत करायचा, कारण आत एक जरी वेढा शॉर्ट झाला तर अख्खी कॉइल गेली. एवढं कसबी काम, पण नोकरी ठेकेदाराकडची, दर ११ महिन्यांनी ब्रेक आणि परत नवीन करार. शेजारच्या मशीनवरचा मुलगा तिच्याच हाताखाली शिकला आणि तो परमनंट झाला, याचा मला फार राग येतो.

बायकांना कायम का करत नाही असं विचारलं की कंपनीवाले कायदा पुढे करतात. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात बायकांना रात्री ७ ते सकाळी ६ काम नको आणि चालू मशीनच्या धोक्याच्या भागाला तेल घालणं, अ‍ॅडजस्ट करणंही नको असं होतं खरं, पण मग गार्ड (फिरत्या भागावरचं झाकण) आणि इंटरलॉक (झाकण उघडताच मशीन थांबवणारी सोय) कशासाठी असतात? आणि दिवसपाळीत कायम करायला कोणी अडवलंय? खरी भीती २६ आठवड्यांच्या मॅटर्निटी लीव्हची आहे, हे स्पष्ट बोला ना.

आपल्या वार्ताहराने एकदा जीआयडीसीत फिरून कायम कामगारांत बायका किती ते छापावं ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे