संदिग्ध वाक्ये आणि घाबरलेला विद्यार्थी

महोदय,

2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली आणि घरी गुजराती, तमिळ वा हिंदी बोलणारी असंख्य मुले ती शिकू लागली. त्यांच्या आकलनाची चर्चा शब्दसंग्रह आणि व्याकरण यांपाशीच थांबते; वाचताना मुलाची मनःस्थिती काय असते, याचा विचार फारसा होत नाही. अशा मुलांना मराठी शिकवणारी शिक्षिका म्हणून मला तो आवश्यक वाटतो.

‘मी त्याला बाजारात जाताना पाहिले’ हे वाक्य घ्या. जात कोण होते, मी की तो? मराठी ऐकत वाढलेले मूल संदर्भावरून क्षणात अर्थ लावते आणि संदर्भ बदलला की तो सहज बदलते. नवशिक्या मुलाला मात्र दोन्ही अर्थ जाणीवपूर्वक मनात धरून ठेवावे लागतात, आणि भीतीने व्यापलेल्या मनाला नेमके तेच जमत नाही. सातवीतल्या एका तमिळभाषक मुलाने हे वाक्य वर्गासमोर वाचून ‘मी जात होतो’ असे उत्तर दिले, तेव्हा मागून कोणीतरी हसले. निवेदक स्वतःच्या घराच्या खिडकीत उभा होता, हे पुढच्याच ओळीत असूनही त्याने उत्तर सोडले नाही. मधल्या सुट्टीत मित्रासोबत तोच उतारा वाचताना त्याने दोन्ही अर्थ आपणहून सांगितले आणि इथे कोणता बसतो, तेही कारणासह. तासाभरात त्याचे मराठी काही सुधारले नव्हते. धास्ती तेवढी गेली होती.

भाषाशिक्षणाच्या संशोधक इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये भाषावर्गातील चिंता मोजण्यासाठी 33 विधानांची प्रश्नावली मांडली. बोलण्याची धास्ती, परीक्षेची भीती आणि लोक काय म्हणतील ही काळजी, असे या चिंतेचे तीन पैलू त्यांनी दाखवले. भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांची ‘भावनिक गाळणी’, म्हणजे चिंता वाढली की कानावर पडलेली भाषा मनात उतरत नाही ही कल्पना, अधिक प्रसिद्ध असली, तरी वर्गात मला ही मांडणी अधिक उपयोगी वाटते, कारण तिसरा पैलू शिक्षकाच्या हातात असतो.

मातृभाषेची सवयही इथे आड येते. ‘बाल्कनीत उभ्या असलेल्या अभिनेत्रीच्या नोकराला’ यात उभे कोण, हे मराठीतील सामान्यरूपामुळे लिंगावरूनही कळत नाही. आपापल्या भाषेतल्या अशा रचनेत स्पॅनिश वाचक नोकराकडे आणि इंग्रजी वाचक अभिनेत्रीकडे झुकतात, असे क्वेतोस आणि मिचेल या संशोधकांनी 1988 मध्ये दाखवले होते. घाबरलेला विद्यार्थी अशा ओळखीच्या सवयीकडे लवकर वळतो, असे माझे निरीक्षण आहे.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे, की दुसरी वा तिसरी भाषा म्हणून मराठी शिकणाऱ्यांच्या उताऱ्यात असे वाक्य आलेच, तर त्याचा अर्थ ठरवणारा संदर्भ जवळच द्यावा आणि तो नसेल, तर दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत. तोंडी परीक्षेतही उत्तर मागण्यापूर्वी मुलाला उतारा एकदा मनात वाचू द्यावा.

— एक मराठी शिक्षिका, ठाणे